ठिपक्यांचे शिवार

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक आजी आपल्या नातवाला घेऊन दाखल्याकरिता आमच्याकडे आल्या होत्या. त्यांच्या वडिलांच्या बाप्तिस्म्याची नोंद त्यांना हवी होती. वहीची शाई विटलेली आणि अक्षर बारीक, म्हणून आम्ही भिंग काढले. नोंद सापडली. आम्ही दाखला लिहावयास बसलो, तेवढ्यात त्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाने भिंग उचलून भिंतीवरील दिनदर्शिकेला लावले आणि तो ओरडला, “फादर, मरियामातेच्या झग्यावर पुरळ उठलंय!” आजींनी त्याला एक चापटी दिली. आम्ही उठून पाहिले, तो मुलाचे म्हणणे खरेच होते. भिंगाखाली झगा असा कोठे नव्हताच. निळे, गुलाबी, पिवळसर असे नुसते ठिपके होते. भिंग बाजूला केले की झगा पुन्हा आपल्या जागी, शांत आणि निळा.

मुलाला आम्ही छापखान्याची गोष्ट सांगितली. थोडक्या शाया वापरून यंत्र कागदावर बारीक ठिपके उमटवते आणि उरलेले काम आपले डोळे करतात, हे त्याला पटले. हल्ली घरोघरी असलेल्या भ्रमणध्वनीचा पडदाही असाच ठिपक्यांचा असतो, हेही सांगितले. परंतु यंत्राने नव्हे, तर हाताने, एकेक ठिपका ठेवीत आपल्या गावचे कुरण, सफरचंदांची झाडे आणि शेजारणींची कापणी रंगविणारा एक म्हातारा चित्रकार होऊन गेला, हे सांगावयाचे राहून गेले. दाखला घेऊन ती दोघे निघून गेली. राहिलेली ती गोष्ट आज आमच्या वाचकांना सांगावी असे मनात आहे.

त्या चित्रकाराचे नाव कामीय पीसारो. त्याचा जन्म १८३० साली वेस्ट इंडीजमधील सेंट टॉमस या, त्या काळी डेन्मार्कच्या ताब्यात असलेल्या बेटावर, एका ज्यू व्यापारी कुटुंबात झाला. बापाची इच्छा मुलाने दुकानात बसावे अशी होती. मुलगा बंदरावर बसून हमालांची चित्रे काढी. पंचविशीत तो पॅरिसला आला तो कायमचाच. तेथे क्लोद मोने, रन्वार, दगा इत्यादी मंडळींशी त्याची मैत्री जुळली. हीच मंडळी पुढे दृक्प्रत्ययवादी म्हणून प्रसिद्धीस आली. डोळ्यांना क्षणभर जसे दिसले तसे, उन्हासावलीसकट, भराभर रंगवावे असा त्यांचा बाणा होता. सरकारी प्रदर्शनाचे दार त्यांना बहुधा बंदच असे, म्हणून १८७४ पासून त्यांनी आपली स्वतंत्र प्रदर्शने मांडली. अशी आठ प्रदर्शने झाली आणि त्या आठही प्रदर्शनांत भाग घेणारा चित्रकार एकटा पीसारोच होय. वयाने सर्वांत वडील, स्वभावाने मायाळू, पांढरी दाढी छातीवर रुळलेली. तरुण चित्रकार त्याच्याकडे सल्ल्याला येत.

धर्माचरणाशी त्याचा संबंध राहिला नव्हता आणि राजकारणातही त्याची मते अराज्यवाद्यांकडे झुकणारी होती, हे आम्ही लपवीत नाही. त्याच्या त्या मतांशी आमचे जुळणार नाही. पण शेतात राबणाऱ्या माणसाकडे त्याने ज्या आदराने पाहिले, तो आदर आम्हास फार थोड्या चित्रकारांत आढळला आहे.

त्याची पत्नी ज्यूली व्हेले ही बर्गंडी प्रांतातील द्राक्षमळेवाल्यांची कन्या. ती पीसारोच्या आईकडे स्वयंपाकघरात कामाला होती. घरच्या मोलकरणीशी लग्न करावयाचे म्हटल्यावर आईवडिलांनी किती विरोध केला असेल, हे वाचकांना सांगावयास नको. विवाह अखेर १८७१ साली, युद्धामुळे ती दोघे इंग्लंडात असताना, क्रॉयडन येथे नोंदला गेला. त्यांना आठ अपत्ये झाली. त्यांपैकी दोन मुली लहानपणीच गेल्या. धाकटा मुलगा १८८४ च्या उन्हाळ्यात जन्मला. त्याच वर्षी हे कुटुंब पॅरिसपासून सुमारे ७० किलोमीटरवर, एप्त नदीकाठच्या एरान्यी या खेड्यात भाड्याच्या घरात राहावयास आले. घरामागे कुरण, कुरणापलीकडे नदी, नदीपलीकडे बाझँकूर नावाचे दुसरे गाव आणि त्याच्या चर्चचा निमुळता मनोरा. ज्यूलीने परसात भाजी लावली, कोंबड्या आणि ससे पाळले. चित्रे खपोत वा न खपोत, पोरांच्या पोटात काहीतरी पडले पाहिजे, असा तिचा हिशेब होता आणि तो बरोबर होता.

अशा स्थितीत, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, पीसारोने आपली चित्रकला मुळापासून बदलली.

१८८५ च्या शरद ऋतूत पॉल सीन्याक या तरुण चित्रकाराने त्याची गाठ आपल्या मित्राशी घालून दिली. त्या मित्राचे नाव झॉर्झ सरा. वय अवघे पंचवीस, बोलणे मोजके, पोशाख नीटनेटका. पॅरिसनजीकच्या ग्रांद झात बेटावर रविवारी दुपारी फिरावयास आलेल्या लोकांचे एक प्रचंड चित्र तो तेव्हा रंगवीत होता. त्या चित्राची रुंदी तीन मीटरांहून अधिक आहे. आज ते शिकागो येथे आहे. सराने रंगांचे शास्त्र मन लावून वाचले होते. रंग पाटीवर कालवून मग कापडावर लावण्याऐवजी निर्भेळ रंगांचे लहान लहान ठिपके शेजारी शेजारी ठेवावे आणि त्यांचा मेळ पाहणाऱ्याच्या डोळ्यात होऊ द्यावा, हा त्याचा सिद्धांत. तो ऐकून आणि चित्रे पाहून पीसारोला जणू नवी दृष्टी लाभली.

या शास्त्राची पाळेमुळे एका विणकामाच्या कारखान्यात आहेत, हे आम्हास मोठे गमतीचे वाटते. पॅरिसमधील गोब्लँ येथे राजघराण्यासाठी भिंतीवर टांगावयाची चित्रवस्त्रे विणली जात. शव्ह्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ तेथील रंगशाळेचे प्रमुख होते. त्यांच्याकडे तक्रार आली की, रंगशाळेतून येणारा काळा धागा निळ्या वस्त्राच्या सावलीकरिता वापरला असता फिका पडतो. शव्ह्रलनी धागे तपासले. रंगात काहीच दोष नव्हता. दोष शेजाऱ्याचा होता! निळ्याजांभळ्याच्या शेजारी बसला की काळा आपला जोर गमावतो; दुसऱ्या रंगाशेजारी तोच काळा ठसठशीत दिसतो. लाल आणि हिरवा शेजारी आले की दोघेही अधिक खुलतात. वर्षानुवर्षे प्रयोग करून त्यांनी १८३९ साली यावर मोठा ग्रंथ लिहिला. हे गृहस्थ १०२ वर्षे जगले. त्यांच्या पाठोपाठ अमेरिकेतील रूड या प्राध्यापकांनी रंगांच्या चकत्या फिरवून मोजमापे घेतली. त्यांचे पुस्तक १८८१ साली फ्रेंच भाषेत आले आणि सराच्या हाती पडले.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. निळा आणि पिवळा ठिपका शेजारी ठेवला की दुरून हिरवा दिसतो, असे पुष्कळ पुस्तकांत छापलेले असते. तसे होत नाही. मुलांनी घरी करून पाहावे: भोवऱ्याच्या माथ्यावर अर्धा निळा व अर्धा पिवळा कागद चिकटवावा आणि भोवरा फिरवावा. हिरवा रंग न दिसता राखाडीकडे झुकणारा रंग दिसेल. रंग पाटीवर कालवले तर होणारी गोष्ट वेगळी आणि प्रकाश डोळ्यात मिसळला तर होणारी वेगळी. म्हणून हे चित्रकार गवताकरिता हिरवेच ठिपके ठेवीत. परंतु त्यात ऊन म्हणून नारिंगी व पिवळे, आभाळाचा पडसाद म्हणून निळे, आणि सावली असेल तेथे जांभळे असे ठिपके पेरीत. आपल्याकडील धूपछाव लुगडे ज्यांनी नीट पाहिले आहे त्यांना हे चटकन समजेल. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. पदर हलला की दोन्ही रंग चमकतात आणि कोणताच धड हाती लागत नाही. ठिपक्यांच्या चित्राचे तेज त्या जातीचे आहे. ते फार भडक नसते. मात्र चित्रातील हवा थरथरते आहे, असा भास होतो.

पीसारोने हे सर्व स्वीकारले आणि स्वीकारले तेही उघडपणे. त्याच्या चित्रांचे व्यापारी ड्युराँ-र्युएल यांना त्याने १८८६ च्या नोव्हेंबरात पत्र लिहून या नव्या पद्धतीची माहिती दिली. त्या पत्रात त्याने स्पष्ट म्हटले आहे की, ही कल्पना प्रथम सरा यांची असून आपण इतरांप्रमाणे त्यांच्या मागून चाललो आहोत. हे वाक्य आम्ही अनेकदा वाचले आहे. तीस वर्षे ब्रश चालविलेला, ज्याला सगळे गुरुस्थानी मानीत असा मनुष्य पोटच्या पोरापेक्षा थोड्याच मोठ्या तरुणाविषयी असे लिहितो! पीसारोचा थोरला मुलगा ल्यूस्यँ हा सराहून अवघ्या तीन-सव्वातीन वर्षांनी लहान होता आणि बापलेक दोघेही बरोबरच ठिपके काढावयास शिकले.

नव्या शिष्याचा आवेशही त्याच्यात आला. आपल्या जुन्या मित्रांना तो आता ‘स्वप्नाळू’ आणि नव्यांना ‘शास्त्रीय’ दृक्प्रत्ययवादी म्हणू लागला. मोने आणि रन्वार यांना ते कितपत रुचले असेल! १८८६ च्या मे महिन्यात आठवे प्रदर्शन भरले, तेव्हा सरा आणि सीन्याक यांना त्यात घेतलेच पाहिजे असा हट्ट पीसारोने धरला. त्यावरून भांडणे झाली. मोने, रन्वार आणि सिस्ले त्या प्रदर्शनात आले नाहीत. ठिपकेवाल्यांची चित्रे अखेर एका वेगळ्या खोलीत टांगली गेली. लोक आत जात आणि कोणते चित्र कोणाचे हे ओळखू न आल्यामुळे हसत बाहेर येत. त्याच वर्षी फेलिक्स फेनेओं या तरुण टीकाकाराने या मंडळींना ‘नवदृक्प्रत्ययवादी’ हे नाव दिले आणि ते टिकले. ते प्रदर्शन मात्र शेवटचे ठरले. नववे कधी भरलेच नाही.

त्या प्रदर्शनात पीसारोने मांडलेल्या चित्रांपैकी एक होते ‘माझ्या खिडकीतून दिसणारा देखावा’. एरान्यीच्या घराच्या वरच्या खिडकीतून खाली पाहिले असता जे दिसे तेच त्यात आहे. परसातील लाल कौलांचे छप्पर, कोंबड्यांचे अंगण, त्यांना दाणे टाकणारी बाई आणि पलीकडे दूरवर पसरलेली झाडे व कुरणे. हे चित्र कोणाला रुचले नाही. लाल छप्पर आणि कोंबड्यांचे परसू ही काय चित्रात घालावयाची वस्तू झाली, असा आक्षेप आला. पीसारोने मुलाला लिहिले की, ज्या गोष्टींना लोक नावे ठेवतात त्यांनीच तर चित्राला व्यक्तित्व आले आहे. आमचे मत विचाराल तर त्या छपरावाचून चित्र उभेच राहणार नाही. समोर हिरव्याचा एवढा विस्तार आहे की, जवळ तेवढा लाल नसता तर सगळे हिरवे मंद पडले असते. शव्ह्रलनी धाग्यांत पाहिलेली गोष्ट येथे कौलांनी केली आहे. पीसारोला तो नियम मांडण्याकरिता दूर कोठे जावे लागले नाही. खिडकी उघडावी लागली.

१८८७ साली त्याने एरान्यीची गवतकापणी रंगविली. १८८८ मध्ये पुरे झालेले ‘सफरचंदांची तोडणी’ हे चित्र आता अमेरिकेत डॅलस येथे आहे. त्याच्यापुढे वाचकांना थोडे थांबवावेसे वाटते. उतारावर एक सफरचंदाचे झाड आहे. एक पुरुष लांब काठीने फळे पाडीत आहे आणि बाया ती वेचीत आहेत. ऊन इतके कडक की झाडाखाली सावलीचे मोठे वाटोळे मंडळ पडले आहे. आपण म्हणू, सावली म्हणजे काळी. येथे काळा रंग औषधालाही नाही. निळे, जांभळे, गुलाबी, लालसर अशा शेकडो ठिपक्यांनी ती सावली भरली आहे आणि तिच्यात उभ्या असलेल्या माणसांच्या अंगालाही तिचा गारवा लागलेला दिसतो. आमच्या शेतकरी बंधूंनी दुपारच्या वेळी आंब्याखाली बसून उन्हाकडे न पाहता जमिनीकडे पाहावे. सावलीत किती रंग असतात, हे आम्हास या चित्रापूर्वी ठाऊक नव्हते.

दुसरे चित्र १८८९ चे, ‘सरवा वेचणाऱ्या स्त्रिया’. ते स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे आहे. कापणी झालेल्या शेतात बाया वाकून राहिलेली कणसे वेचीत आहेत. रूथची कथा ज्यांच्या घरात वाचली जाते त्यांना हे दृश्य परके नाही. बवाजाच्या शेतात रूथ सरवा वेचावयास गेली ती पोटासाठीच, आणि या बायाही पोटासाठीच आल्या आहेत. चित्रकाराने त्यांना दीनवाणे केले नाही वा देवताही केले नाही. त्यांच्या पाठीवर ऊन पडले आहे, एवढेच तो दाखवितो. पण ते ऊन दाखविण्यास त्याला किती ठिपके ठेवावे लागले असतील!

आणि दुखणे नेमके तेथेच होते. पूर्वी सकाळी बाहेर पडून दुपारपर्यंत तो एखादे चित्र रंगवून आणी. आता शेतात बसून नुसती टिपणे करावयाची आणि मग घरात येऊन आठवडेच्या आठवडे ठिपके भरावयाचे. वर्षाकाठी हाती लागणारी चित्रे मोजकी झाली आणि जी झाली ती कोणी घेईना.

ड्युराँ-र्युएल यांच्याविषयी येथे दोन शब्द लिहिणे न्याय्य होईल. ते निष्ठावंत कॅथलिक होते. पत्नी लवकर वारल्यावर त्यांनी पाच मुलांना वाढविले. जगाने हसण्यावारी नेलेल्या चित्रकारांना त्यांनी पंधरा वर्षे पैसे पुरविले आणि त्यापायी ते स्वतः कर्जात बुडाले होते. १८८६ साली ते तीनशेच्या आसपास चित्रे घेऊन न्यूयॉर्कला गेले होते, तेच मुळी शेवटची आशा म्हणून. अशा मनुष्याला ठिपक्यांची चित्रे पसंत पडली नाहीत आणि त्याने ती घेण्याचे टाळले, म्हणून त्याला दोष देणे आमच्याने होत नाही.

पण एरान्यीच्या चुलीला त्याचे काय? त्या हिवाळ्यात पीसारो पॅरिसच्या रस्त्यांवरून चित्रे बगलेत मारून दारोदार फिरत होता. पाऊस आणि चिखल यांतून पायी हिंडावे लागते, गाडीभाडे वाचवावे लागते आणि जेवणापूर्वी खिशातले सुटे पैसे मोजावे लागतात, हे त्याने ल्यूस्यँला पत्रांतून कळविले आहे. चार पैसे मिळावे म्हणून तो बायकांच्या हातपंख्यांवर चित्रे रंगवी. घरी ज्यूली दुकानदारांची उधारी थोपवून धरी. तिचे म्हणणे असे की, निदान मुलांना तरी एखादा पोटभरू धंदा शिकवावा. त्याचे म्हणणे असे की, मुलांनी चित्रकारच व्हावे. यावरून त्या घरात जे शब्द झाले ते पत्रांतून आपल्यापर्यंत आले आहेत आणि ते गोड नाहीत. चरित्रकार बहुधा चित्रकाराची बाजू घेतात. आम्हास मात्र अनेक वर्षे कुटुंबांची गाऱ्हाणी ऐकण्याची सवय असल्यामुळे ज्यूलीची बाजू सोडवत नाही. शास्त्रीय सिद्धांताची किंमत तिने बटाटे आणि ब्रेड यांत मोजली. तिला कोणी विचारले नव्हते.

पीसारो हे जाणून होता आणि तरीही त्याने ठिपका सोडला तो भुकेमुळे नव्हे. भुकेमुळे सोडावयाचा असता तर पहिल्याच हिवाळ्यात सुटला असता. खरी अडचण त्याला कुरणात भेटली. ढग सरकला की गवताचा रंग पालटतो, वारा आला की पाने उलटून रुपेरी होतात. हे सारे क्षणात घडते आणि हात तर अजून तिसऱ्या ठिपक्यावर. १८८८ च्या सप्टेंबरातील एका पत्रात त्याने ल्यूस्यँपाशी मन मोकळे केले आहे. ठिपक्याची शुद्धता तर हवी, पण त्यावाचून कसे रंगवता येईल, हाच विचार आपल्या मनात सारखा घोळतो, असे तो लिहितो. ठिपका त्याला आता किरकोळ, अंगात रक्त नसलेला आणि एकसुरी वाटू लागला होता आणि हा दोष त्याला सराच्या चित्रांतही दिसत होता. याच सुमारास त्याच्या डोळ्याला अश्रुनलिकेचे दुखणे जडले, ते जन्मभर पुरले. वाऱ्याधुळीत बाहेर बसणे त्याला कठीण होत गेले.

सराला मात्र त्याची पद्धत शोभत होती, असे आमचे मत आहे. उन्हाळ्यात तो नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर जाई आणि ऑनफ्लरचे दीपगृह, मोकळे धक्के, निश्चल पाणी अशी चित्रे काढी. त्यांत बहुधा माणूस नसतो. सर्व काही थांबलेले असते आणि थांबलेल्या वस्तूला ठिपका मानवतो. पीसारोच्या शिवारात कोणी ना कोणी सतत हालचाल करीत असते. कोणी काठी उगारलेली, कोणी वाकलेले, गाई चरत पुढे सरकणाऱ्या. त्या दोघांच्या स्वभावातील हा भेद चार वर्षांच्या श्रमानंतर पीसारोला कळला.

१८९० च्या आसपास त्याने ठिपक्याचा निरोप घेतला. पाच-सहा वर्षांनी एका बेल्जियन मित्राला पाठविलेल्या पत्रात त्याने याचा हिशेब दिला आहे. या पद्धतीने आपले इंद्रियसंवेदन बांधले गेले होते, जीवन आणि गती चित्रातून निसटत होती. आणि जे गमावले ते परत मिळविताना, जे शिकलो ते तर हातचे जाऊ नये, याकरिता आपणास फार झगडावे लागले, अशा अर्थाचे ते पत्र आहे. सराला वा सीन्याकला त्याने फसवे म्हटले नाही. जुन्या मित्रांकडे जाऊन ‘तुमचेच खरे होते’ असेही म्हटले नाही. त्याला आता ना या खोलीत जागा होती ना त्या.

१८९१ च्या मार्चमध्ये सरा चारदोन दिवसांच्या आजाराने वारला. वय अवघे एकतीस. त्याचे तान्हे मूलही दोन आठवड्यांत त्याच्या मागोमाग गेले. पीसारो अंत्ययात्रेला गेला होता. सीन्याक किती खचून गेला आहे, हे त्याने ल्यूस्यँला कळविले आणि पुढे लिहिले की, ठिपक्यांचा पंथ आता संपला असे वाटते, परंतु कलेवर त्याचे दूरगामी परिणाम झाल्यावाचून राहणार नाहीत. भविष्य बरोबर ठरले. सीन्याकने पुढे त्यावर ग्रंथ लिहिला आणि विसाव्या शतकातील कित्येक मोठे रंगकार ते बोट धरून चालावयास शिकले.

पीसारोच्या पुढच्या चित्रांत ठिपके नाहीत. लहान, मोकळे, एकमेकांवरून गेलेले फटकारे आहेत. पण पाटीवर कालवून मळलेला रंग पुन्हा आला नाही आणि सावली पुन्हा काळी झाली नाही. १८९२ च्या आरंभी ड्युराँ-र्युएल यांनी त्याच्या जुन्यानव्या चित्रांचे मोठे प्रदर्शन पॅरिसमध्ये भरविले आणि ते यशस्वी झाले. तो बासष्टीला आला होता.

त्याच वर्षी एरान्यीच्या घराचा मालक घर विकावयास निघाला. पीसारो तेव्हा लंडनला ल्यूस्यँकडे गेला होता. ज्यूलीने वाट पाहिली नाही. ती उठली आणि मोनेकडे गेली. मोने त्याच एप्त नदीच्या मुखाजवळ झिव्हेर्नी येथे राहत असे. आठव्या प्रदर्शनाच्या वेळचे रुसवे सहा वर्षांपूर्वीचे होते. तिने पंधरा हजार फ्रँक उसने मागितले आणि मोनेने दिले. घर विकत घेतले गेले. परसातल्या कोठाराची पुढे चित्रशाळा झाली आणि दुखऱ्या डोळ्याच्या पीसारोला आत बसून कुरण पाहता येऊ लागले. १९०३ साली तो वारला, तोवर त्या कुरणाची, नदीपलीकडच्या बाझँकूरची आणि त्याच्या मनोऱ्याची चित्रे त्याने किती काढली याची गणती नाही. मनोऱ्याखाली तो कधी गेला असेल-नसेल. पण दव पडलेले असताना, बर्फ पडलेले असताना, संध्याकाळी आभाळ पेटलेले असताना तो कसा दिसतो, हे त्या गावच्या धर्मगुरूपेक्षा त्याला अधिक ठाऊक असावे.

खिडकीतून दिसणारे ते लाल कौलांचे चित्र त्याने प्रदर्शनानंतरही हाताळले आणि त्यावर १८८८ साल घातले. आज ते इंग्लंडात ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे. पीसारोच्या कुटुंबीयांकडूनच ते तेथे आले. त्याची चांगली छापील प्रत मिळवून आम्ही ती आमच्या खोलीत दिनदर्शिकेशेजारी लावली आहे. आजींचा नातू पुढच्या वेळी येईल तेव्हा त्याच्या हाती भिंग द्यावयाचे आहे. कोंबड्या कोठे आहेत, हे त्याला चार पावले मागे सरकूनच शोधावे लागेल.